घड्याळजींची सतरा मिनिटं

"रेडिओत काय अवघड आहे? डाव्या हातचा मळ!" सकाळचा चहा संपवता संपवता धाकटीने जाहीर केलं. "संध्याकाळी पाचला लावा आणि ऐका. आजच्या कार्यक्रमातली सगळी करामत माझी!"

घरच्यांनी माना डोलावल्या, कारण धाकटीपुढे दुसरं काही करताच येत नसे. जन्मल्यापासून ती बोलतच होती. "हिचं बटण कुठे आहे ते डॉक्टरांनी सांगितलंच नाही," असं वडील वीस वर्षं म्हणत आले होते. नोकरीच्या मुलाखतीतही तिने हेच भांडवल पुढे केलं होतं. "मॅडम, तासभर बोलायला सांगा, मी पाणीसुद्धा मागणार नाही!" रेडिओ केंद्राच्या मॅडमनी तिला पंधरा दिवसांच्या बोलीवर घेतलं. आज पंधरावा दिवस, संध्याकाळी निकाल! आणि धाकटीला ही नोकरी इतकी हवी होती, की अलीकडे ती झोपेतही "आता वेळ झाली आहे..." असं बडबडायची.

त्या दिवशीचा कार्यक्रम होता म्हाताऱ्या घड्याळजींची मुलाखत. आदल्या दिवशी धाकटीनेच त्यांच्या दुकानात जाऊन अठ्ठावीस मिनिटांचं बोलणं टिपून आणलं होतं. केंद्रावरचे ध्वनिमुद्रक, ज्यांना सगळेच काका म्हणत, तिला संगणकापुढे बसवून म्हणाले, "जरा सफाई करून ठेव. खोकला वगैरे काढून टाक."

'जरा' हा शब्द धाकटीला आजवर कधी कळलाच नव्हता.

तिने आधी खोकला कापला. मग तिचं लक्ष घड्याळजींच्या बोलण्याकडे गेलं. "मी... अं... तेव्हा... म्हणजे... असेन बारा वर्षांचा." एवढं वाक्य संपेपर्यंत माणसाचं जेवण उरकेल! तिने सगळे 'अं' कापले. मग 'म्हणजे' कापले. मग ते विचार करत गप्प बसले होते त्या जागा. मग खुर्चीची करकर, पाण्याचा घोट, मध्येच आलेलं हसू. शेवटी श्वास! रेडिओवर श्वास कुणाला ऐकायचाय? तीन तासांनी घड्याळजी लिलाव पुकारावा तसे बोलायला लागले. धाकटी स्वतःवरच खूश झाली आणि जुनी घाण कशाला ठेवायची म्हणून तिने मूळ फाईलही पुसून टाकली.

पाचला काकांनी मुलाखत सुरू केली. "अठ्ठावीस मिनिटं आहेत. मी चहा घेऊन येतो," म्हणत ते गेले.

घड्याळजी सुसाट निघाले. जन्म, पहिलं घड्याळ, लग्न, चार मुलं, मोतीबिंदू, नमस्कार! मग शांतता. धाकटीला वाटलं, ही एक जागा कापायची राहिली की काय! मग तिने भिंतीकडे पाहिलं. पाच वाजून अकरा मिनिटं झाली होती.

काका कपबशी घेऊनच धावत आले आणि एका हाताने त्यांनी केंद्राची धून लावली. "बाकीचं कुठाय?"

"कोणतं बाकीचं?"

"अगं, सतरा मिनिटं!"

"ती... सफाईत गेली."

"मूळ फाईल?"

"तीपण सफाईत!"

काका कपाळाला हात लावून गाणं शोधू लागले, तोच दारात मॅडम आल्या. त्या ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं.

"गाणं नको. हिने खाल्लीत, हीच भरेल. तासभर बोलतेस ना? सतराच मिनिटं आहेत. बस!"

लाल दिवा लागला. घरी आई, वडील आणि हौसेने बोलावलेले सगळे शेजारी कान लावून बसले असणार! आणि वीस वर्षांत पहिल्यांदा धाकटीच्या जिभेला कुलूप लागलं.

"नमस्कार... अं... आत्ता आपण... म्हणजे..." तिला खोकला आला. खुर्ची करकरली. पाण्याचा घोट तर सगळ्या गावाला ऐकू गेला. दुपारी जे जे झाडून बाहेर काढलं होतं, ते सगळं तिच्याच तोंडातून परत येत होतं. "त्यांच्या दुकानात... अं... चाळीस घड्याळं होती. एकाचीही वेळ... म्हणजे... दुसऱ्याशी जुळत नव्हती. मी विचारलं, यातलं बरोबर कोणतं? तर ते..."

तर ते नुसते हसले होते. तेच हसू तिने कापलं होतं! धाकटीला मनापासून वाईट वाटलं, आणि पुढचं अर्धं मिनिट तिला बोलताच आलं नाही.

कशीबशी ती सतरा मिनिटं संपली. दिवा विझला. मॅडमनी तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी सगळ्यांना ऐकू येईल असा तो लावला.

"मी... अं... घड्याळजी बोलतोय. मला जरा कमी ऐकू येतं, पण रेडिओला कान लावूनच बसलो होतो. पहिल्या भागात आमची ही घाबरली हो! म्हणाली, अहो, श्वास तरी घ्या! पण पुढचा भाग... म्हणजे... फार झकास. अगदी मी बोलतो तसा! फक्त... अं... माझा आवाज तेवढा पोरीसारखा आलाय. मशीनमध्ये काही दोष आहे का?"

मॅडमनी धाकटीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "नवीन मशीन आहे. अजून पंधरा दिवस चालवून बघतो."

धाकटीने आभार मानायला तोंड उघडलं. "अं..." एवढंच बाहेर पडलं.