बुळबुळमुक्त मासा

डिंभे धरणातले मासे बुळबुळीत असतात, ही बाब जलजीव गुणवत्ता कक्षाच्या निदर्शनास आली, तेव्हा कक्ष स्थापन होऊन सहा वर्षं झाली होती. शहरातल्या एका ग्राहकाने तक्रार केली होती, की मासा हातात ठरत नाही, निसटतो, आणि नंतर हात तीनदा धुवावे लागतात. तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली. तीन बैठका चहापानात पार पडल्या, चौथीत 'बुळबुळमुक्त मासा अभियान' जन्माला आलं आणि धरणाच्या पाण्यात जाळीचे पिंजरे सोडून मासे पाळणाऱ्या प्रत्येक पिंजरेधारकाला परिपत्रक गेलं. शुक्रवारी तपासणी होईल. मासा अधिकाऱ्याच्या तळहातावर मिनिटभर टिकला तर उत्तीर्ण. निसटला तर पिंजरा काढून घेण्यात येईल.

परिपत्रक ऐकून बहिरू धरणाच्या काठावर जाऊन बसला. त्याचा एकच पिंजरा, त्यात दोन हजार चिलापी मासे, आठ महिने पोटच्या पोरासारखे वाढवलेले. आज्याने मेंढरं राखली, बापाने शेती केली, ती शेती धरणात गेली आणि तिच्यावरच्या पाण्यात आता बहिरू मासे पाळत होता. हेही गेलं तर पुढे कुठे सरकायचं, ते त्याला सुचेना.

मग त्याला मेंढरं आठवली. लोकर कातरायच्या आधी मेंढरं नदीत घालून खसाखसा धुवायची, हा घराण्याचा रिवाज. धुतलं की गोचिड जातात, मेंढरू हलकं होतं. माशाचं तरी वेगळं काय असणार? धुण्यानं आपल्या घरात आजवर कुणाचं वाईट झालं नाही, असं बायकोला, सारजाबाईला सांगून तो गोणपाट शोधायला लागला. सारजाबाई म्हणाली, "आवं, आधी त्या हर्षालीला इचारा की. ती माशांचंच शिकती."

हर्षाली ही शेजारच्या रखमाजीची मुलगी. माशांच्या रोगांवर संशोधन करायची आणि सुट्टीला गावी आली होती. गोणपाट बघून तिने कपाळाला हात लावला. ती बुळबुळ म्हणजे घाण नव्हे, ती माशाची राखण आहे, असं तिने समजावलं. त्या चिकट थरात लेक्टिन नावाची प्रथिनं असतात. जंतूच्या अंगावर साखरेचे कण असतात, चहातल्या साखरेचे नव्हे, निरनिराळ्या घडणीचे. लेक्टिनला खोबण असते आणि तिच्यात ठरावीकच साखर नेमकी बसते. बसली की जंतू ओळखला. शिवाय एकेका लेक्टिनला अशा कितीतरी खोबणी, त्यामुळे ते अनेक जंतूंना एकत्र धरून त्यांचा गठ्ठा करतं आणि शरीरातल्या बाकीच्या रक्षकांना बोलावतं.

"आन हे समदं कुणाला न इचारता?" बहिरूने विचारलं.

"अर्जसुद्धा न घेता, काका."

"म्हंजी मेंढरांच्या वाड्यावरचा कुत्राच की," बहिरू म्हणाला आणि गोणपाट ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं कक्षात गेले. साहेब अत्यंत मृदू होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हे प्रथिन कोणत्या आस्थापनेवर आहे, अशी विचारणा केली. पद मंजूर आहे का? हर्षाली म्हणाली, माशांत ते कोट्यवधी वर्षांपासून आहे. "म्हणजे कोट्यवधी वर्षं विनामंजुरी काम चालू आहे," साहेबांनी टिपून घेतलं. आजवर पकडलेल्या जंतूंची यादी त्यांनी मागितली, तीही साक्षांकित. साखर हा विषय या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही, हेही त्यांनी खेदाने सांगितलं. आपल्या अनुपस्थितीत मासा आजारी पडेल, अशी प्रथिनाने लेखी हमी दिल्यास पुनर्विचार करता येईल, असा मार्गही काढला. मग गोड चहा पाजला, बहिरूच्या खांद्यावर हात ठेवला आणि मासा स्वच्छ असावा यात तुमचंच हित आहे, असं म्हणाले. एवढ्या गोड माणसाच्या मनात वाईट कशाला असेल, असं बहिरूला वाटलं. गोडाखालचा जंतू ओळखणारं ते लेक्टिन माणसाच्या अंगात कमी पडतं, दुसरं काय.

गुरुवारी नवरा-बायकोने दोन हजार मासे एकेक करून गोणपाटाने घासले. हर्षाली काठावर उभी राहून नको नको म्हणत होती. "पिंजराच न्हाई ऱ्हायला तर मासं ठिवू कुठं, पोरी?" बहिरू म्हणाला. शुक्रवारी मासा साहेबांच्या तळहातावर मिनिटभर पडून राहिला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, प्रमाणपत्र मिळालं.

चौथ्या दिवशी माशांच्या अंगावर कापसासारखी बुरशी दिसली. दहाव्या दिवशी पिंजऱ्यात एकही जिवंत मासा नव्हता. सारजाबाई काठावर बसून रडली. बहिरूने पाटीभर मासे उचलले आणि थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला, एक मासा उचलून तळहातावर घेतला आणि घड्याळ पाहिलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. "बघा," ते समाधानाने म्हणाले, "जराही निसटत नाही. पूर्वी हे शक्य होतं का?" अहवालात अभियान शंभर टक्के यशस्वी ठरलं. पिंजरा बहिरूच्याच नावावर कायम राहिला, रिकामा.

बहिरू हलेना. त्याला फक्त तक्रार करणाऱ्याचा पत्ता हवा होता. "भांडायचं न्हाई सायेब. त्याच्या हातात येकदा जिता मासा द्यायचा व्हता."

साहेबांनी फाइल उघडून दाखवली. तक्रारीखाली नाव नव्हतं, नुसतंच 'एक सुजाण ग्राहक' असं लिहिलेलं. कक्षाने त्याचा शोध घेतला नाही आणि गरजही नाही. तो दर रविवारी बाजारात येतो, मासा एका बोटाने दाबतो, नाक मुरडतो आणि जरा स्वच्छ बघून द्या म्हणतो. बहिरूची गोष्ट कुणी सांगितली तर हळहळतोसुद्धा. आत्ता, ही ओळ वाचताना, हळहळतोय तसाच.