असुंताचा उजवा हात

असुंताने खोक्यावरचं सगळं वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"गहू नाही, दूध नाही, अंडं नाही, सोया नाही, शेंगदाणा नाही," ती म्हणाली. "सावेरियो, यात काय नाही ते समजलं. पण आहे काय?"

"तांदूळ, मका आणि बटाटा यांचं पीठ," तिचा मुलगा म्हणाला. "फक्त तेल-पाणी घालायचंय, आई."

संध्याकाळी त्याची मैत्रीण इलेनिया पहिल्यांदाच घरी जेवायला येणार होती. तिला गहू अजिबात चालत नसे. चिमूटभर जरी पोटात गेला, तरी आठवडाभर ती अंथरुणात. मागे एका बाप्तिस्म्याच्या जेवणात ती स्वतःचा डबा घेऊन आली, तेव्हाच असुंताने ठरवलं होतं की आपल्या घरात ही मुलगी डबा उघडणार नाही. आणि इटलीतल्या त्यांच्या कास्तेल्लामारेत शनिवारी संध्याकाळी घरी पिझ्झा नाही, तर मग काय?

पाणी पडल्यावर ते मिश्रण ओढलं तर तुटायचं आणि आपटलं तर तिथेच पसरायचं. गव्हात एक चिवट जाळं असतं, ते यात नाही, एवढं सावेरियोला रसायनशास्त्राच्या पदवीमुळे सांगता आलं. पुढे काय करायचं, ते पदवीत नव्हतं.

"हे पीठ नाही, लांबी आहे," गोदीत आयुष्य काढलेला तिचा नवरा कातेल्लो म्हणाला. "होड्यांच्या फटीत आम्ही हीच भरायचो."

"तू टीव्ही बघ," असुंता म्हणाली.

तेवढ्यात मिश्रण टेबलाला चिकटलं. असुंताचा उजवा हात कुणाला न विचारता कोपऱ्यातल्या बरणीत गेला आणि मूठभर पीठ टेबलावर भुरभुरवून परत आला. लहानपणापासून तो हेच करत आला होता.

"आई! ते गव्हाचं!"

असुंताने हाताकडे असं पाहिलं, जणू तो शेजारणीचा असावा. "बरं. हा पिझ्झा आपण खाऊ. टाकायचं काही नाही."

टेबल घासलं, खिडक्या उघडल्या, बरणी बाल्कनीत गेली. दुसरं खोकं फोडलं. या वेळी कातेल्लोने बायकोचं उजवं मनगट धरून ठेवलं आणि तिने डाव्या हाताने चमचा फिरवला.

"लग्नात हात धरलास तेव्हा इतका घट्ट नव्हता धरलास."

"तेव्हा तो बरणीकडे पळत नव्हता."

दोन्ही ताटं ओव्हनमध्ये गेली. इलेनियाचं वर, घरच्यांचं खाली. थोड्या वेळाने दोन्ही पिझ्झे सारखेच फुगले आणि सारखेच तांबूस झाले. सावेरियोने वरचं ताट बाहेर काढलं.

"थांब," कातेल्लो म्हणाला. "मी मध्ये वरचं खाली केलं. नाहीतर बूड भाजत नाही."

"मीपण केलं," असुंता म्हणाली.

"म्हणजे परत जागच्या जागी आलं," सावेरियोने हिशेब केला.

"पण मी एकदा केलं की दोनदा?" कातेल्लोने डोकं खाजवलं. "मॅच चालू होती रे."

तिघेही दोन पिझ्झ्यांकडे बघत राहिले. सावेरियोने वास घेतला. कातेल्लोने बोटाने टोचून पाहिलं. तेवढ्यात बेल वाजली.

इलेनियाने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच पिशवीतून डबा काढला.

"तो बंद ठेव," असुंता म्हणाली. तिने नवी कोरी कढई काढली, टोमॅटो शिजवले आणि तुळशीची पानं टाकून त्यात दोन अंडी फोडली.

जेवताना घरचे तिघे निमूटपणे पिझ्झा चघळत होते. "लांबीच," कातेल्लो पुटपुटला. इलेनिया मात्र मान खाली घालून जेवत होती.

"सिन्योरा, जिथे जाते तिथे मला त्या खोक्यातलंच मिळतं," ती म्हणाली. "असं साधं जेवण कुणीच देत नाही."

असुंता खुलली. पण इलेनियाच्या ताटात रस्सा उरला होता, आणि रस्सा उरलेला पाहून गप्प बसेल असा हात त्या घरात नव्हता. असुंताच्या उजव्या हाताने टेबलाच्या टोकाची गव्हाच्या पावाची लादी गाठली, तुकडा मोडला आणि तो ताट पुसायला निघाला. कातेल्लोच्या तोंडात घास होता. सावेरियो खुर्चीतून अर्धाच उठला होता.

इलेनियाने मान वर न करता ते मनगट हवेतच पकडलं.

"आमच्या आईचा हातही असाच आहे," ती म्हणाली.

असुंताने हात सोडवून घेतला नाही.

"कातेल्लो," ती म्हणाली, "आजपासून तुला सुट्टी."