ठकूबाईच्या पोटाशी काय होतं?

एका जंगलात, बाळांनो, वाघ-सिंहांना फारसं काम उरलं नव्हतं, कारण तिथे कायदा आला होता. कुठून आला ते विचारू नका. पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात, तसा उगवला.

कायदा चांगला होता हं, उगाच नावं ठेवू नयेत. कारणाशिवाय कोणाला वाटेत अडवायचं नाही आणि कारणाशिवाय कोणाची झडती घ्यायची नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. फक्त कारण कोणी ठरवायचं, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. ते नाक्यावरचे हवालदार तरसराव ठरवत.

त्या जंगलात ठकूबाई नावाचं एक खवलेमांजर राहायचं. तुम्ही पाहिलं नसेल. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही, आणि खाणं काय, तर मुंग्या. कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. भीती वाटली की अंगाचा चेंडू करून गप्प पडून राहायचं, हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात रिवाज.

एके दिवशी ठकूबाईच्या बाळाला ताप भरला. पोर डोळे उघडेना. वैद्य अस्वलबुवा राहायचे नाल्यापलीकडे. उद्या दुपारच्या आत औषध पोटात गेलं नाही तर पोर हाती लागायचं नाही, असं शेजारणीने बजावलं. ठकूबाईने बाळाला सागाच्या पानात गुंडाळलं, पोटाशी धरलं आणि मागच्या दोन पायांवर लुटुलुटु धावत सुटली.

नाक्यावर शिट्टी वाजली.

"मावशी, बाजूला या," तरसराव म्हणाले. "शेपूट पांढऱ्या रेषेवर गेलं तुमचं."

वाटेवर रेषा होती खरी. वडाच्या फांदीखाली, जरा वेडीवाकडी, पण पांढरी. ठकूबाईला रेषाबिषा काय ठाऊक? शिट्टी ऐकूनच तिचा जीव घाबरा झाला, आणि रिवाजाप्रमाणे तिने बाळासकट अंगाचा चेंडू केला.

झालं. तरसरावांना आयतं कारण मिळालं. जो स्वतःला गुंडाळून घेतो त्याच्या आत काहीतरी असतंच, असा त्यांचा दांडगा अनुभव होता. त्यांनी चेंडूभोवती एक चक्कर मारली आणि गोड आवाजात विचारलं की आत जरा बघितलं तर हरकत नाही ना. हरकत आहे, असं आतून उत्तर आलं. हरकत आहे, म्हणजे आत नक्कीच काहीतरी आहे. आणि हरकत नसती तर? तर बघितलंच असतं की. कसंही फिरवा, झडती व्हायचीच.

तेवढ्यात कोल्हा आला. पाठीवर गोणी, गोणीतून कोंबडीचा पाय बाहेर, मिशीला पीस चिकटलेलं. त्याने लांबूनच रामराम घातला आणि साहेब, आधी माझी गोणी तपासा, असा आग्रहच धरला. आता जो आपणहून तपासा म्हणतो, त्याची काय झडती घ्यायची? तरसरावांनी त्याला जाऊ दिलं. मग चेंडूकडे वळून ते म्हणाले, "शिका जरा. कर नाही त्याला डर कशाला?"

ऊन तापत होतं. चेंडूच्या आत बाळ गुदमरलं, बारीक कण्हलं. आईच ती. बाळाला वारा लागावा म्हणून तिने अंग बोटभर सैल केलं, आणि तरसरावांनी पंजा आत घातला. वर, मावशींनी स्वखुशीने उघडलं, असंही सगळ्यांना सांगून टाकलं.

आत निघालं बाळ. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. पण झडतीत सापडेल ते जप्त करायचं, असा नियम. बाळ जप्त झालं. नाक्यामागच्या ढोलीत मुद्देमाल म्हणून ठेवलं गेलं, आणि ढोलीच्या तोंडावर लाखेचं सील बसलं. अस्वलबुवा बिचारे काढा घेऊन स्वतः आले, तर मुद्देमालात फेरफार करता येणार नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. हसावं की रडावं, तुम्हीच ठरवा. मला तर रागच येतो.

ठकूबाई कोर्टात गेली. न्यायाधीश होते बगळेसाहेब. एका पायावर उभं राहून, डोळे मिटून ऐकायचे. दुसऱ्या दिवशी तळ्यात मासे कमी होते, म्हणून सकाळीच सुनावणी निघाली. साहेब रेषा बघायला जातीने नाक्यावर आले. रेषा बघितली आणि त्यांचे दोन्ही डोळे उघडले. त्यांनी वर पाहिलं. वडाच्या फांदीवर त्यांची सगळी चुलत-मावस भावंडं ओळीने बसली होती, आणि सकाळची वेळ असल्यामुळे रेषा आणखी लांबत होती.

"ही रेषा सरकारी नाही," बगळेसाहेब खाकरून म्हणाले. "ही आमच्या घरची आहे."

मग निकाल झाला. रेषाच नाही, तर अडवणं खोटं. अडवणं खोटं, तर झडती खोटी. आणि झडती खोटी, तर तिच्यात जे सापडलं ते सापडलंच नाही, असं कायदा मानतो. ठकूबाई जिंकली. सगळ्या जंगलाने न्यायाचा जयजयकार केला आणि जो तो जेवायला घरी गेला.

ठकूबाईने तरसरावांकडे बाळ मागितलं.

"कुठलं बाळ?" तरसराव म्हणाले. "झडतीत काही सापडलंच नाही, असं साहेबांनीच सांगितलं. जे सापडलं नाही ते परत कुठून देऊ? आम्ही कोर्टाचा मान ठेवतो, मावशी."

ढोलीतून कण्हणं ऐकू आलं. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. सवयीने ठकूबाईच्या अंगाचा चेंडू होऊ लागला. अर्ध्यावर ती थांबली, सरळ झाली, आणि ज्या नखांनी ती वारुळं फोडायची त्याच नखांनी तिने लाखेचं सील फोडलं. बाळ उचललं आणि पोटाशी धरलं.

"चोरी!" तरसराव ओरडले.

"काय चोरलं, ते सांगा की," ठकूबाई म्हणाली.

तरसरावांनी तोंड उघडलं. बाळ चोरलं म्हणावं, तर कोर्टाचा अपमान. काही नाही म्हणावं, तर चोरी कसली? तोंड तसंच उघडं राहिलं, आणि ठकूबाई त्यांच्यासमोरून, पांढऱ्या रेषेवर शेपूट फरफटत, निघून गेली.

काढा वेळेवर पोटात गेला. बाळ वाचलं. आता चांगलं हिंडतं-फिरतं, मुंग्या खातं. कायद्याच्या लेखी मात्र ते अजून सापडलेलं नाही.

तात्पर्य : शेवटी सत्याचाच विजय होतो. म्हणून बाळांनो, नखं कापू नयेत.