पात्रता: काही नाही

पोतनीस सरांना कुठलीही गोष्ट पाच युनिटांत दिसायची. उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात पोह्यांच्या ठेल्यावर उभे असतानासुद्धा. प्लेट हातात धरून ते मला म्हणाले होते, "मॅडम, बघा. युनिट एक, भिजवणं. दोन, वाफ. तीन, जिरावण मसाला. चार, शेव. आणि पाचवं युनिट गिऱ्हाईक, कारण ते किती वेळ उभं राहतं त्यावर बाकीचं सगळं. आरामात सर्टिफिकेट कोर्स होतो ह्याचा." ठेलेवाल्याने विचारलं, "सर, सेव और डालूँ?" सर म्हणाले, "रुको भैया, अभी दूसरी यूनिट चल रही है." तोवर पोहे गार झाले होते. ते त्यांनी तक्रार न करता खाल्ले.

आम्ही दोघं विश्वविद्यालयात एकाच विभागात, भूगोलात. सर सगळ्यांत ज्येष्ठ, मी बरीच धाकटी. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी चाकरीत उज्जैनला आले. माझे वडील बँकेच्या बदलीवर आले आणि नानाखेड्यात घर बांधून राहिले. म्हणजे सरांच्या हिशेबी आम्ही कालचे. दरबार जाऊन एवढा काळ लोटला तरी सरांची अदब काही गेली नव्हती. शिपायालासुद्धा ते "ज़रा खिड़की बंद करने की कृपा करेंगे?" असं विचारत, आणि तो बिचारा गोंधळून सगळ्याच खिडक्या बंद करून टाकायचा.

विश्वविद्यालयात नवा कोर्स कसा जन्माला येतो हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं, आणि नसतं तेच बरं. कुणीतरी प्रस्ताव लिहितं. तो अध्ययन मंडळापुढे येतो. मंडळ म्हणजे आमच्यातलेच काही प्राध्यापक आणि बाहेरून बोलावलेले एकदोन तज्ज्ञ. तिथून तो वर विद्या परिषदेत जातो, पण तिथे एवढे कागद एकदम येतात की वाचायला कुणाला सवड नसते. खरी खिंड म्हणजे अध्ययन मंडळ. मी त्या मंडळाची सचिव होते. सचिवाने नोटीस काढायची, कचोऱ्या मागवायच्या आणि जे बोललं गेलं त्यातलं लिहिण्यासारखं तेवढं लिहायचं.

ह्या मंडळाची नाडी सरांइतकी कुणालाच सापडली नव्हती. त्यांचा सिद्धांत असा, की सभेला आलेल्या प्रत्येक विद्वानाला एक तरी चूक काढावीच लागते, नाहीतर आपण आलो कशाला असं त्याला वाटतं. तेव्हा चूक आपणच पुरवावी. "बाळाला तीट कशाला लावतात, मॅडम? गालावरच्या काळ्यावर नजर अडकते, बाळ सहीसलामत. प्रस्तावालाही तीट लावत जा." माझ्या पहिल्या प्रस्तावात त्यांनी संदर्भग्रंथांची यादी मुद्दाम उलटी लावायला सांगितली. सभेत सगळ्यांनी त्या यादीवर मनसोक्त तोंडसुख घेतलं, ती सुलटी करण्याच्या अटीवर कोर्स मंजूर केला आणि खूश होऊन कचोऱ्या खाल्ल्या. विभागातल्या प्रत्येकाचा कोर्स असा सरांच्या तिटेवर पास झालेला होता. सरांचा स्वतःचा मात्र एकही नाही.

तसे तेही दर वर्षी एक प्रस्ताव आणत. विषयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसे. एका वर्षी घड्याळ कसं चालतं. मग हिवाळ्यात पक्षी कुठून येतात. एकदा औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर कसं वाचावं. आम्ही मागे हसायचो. भूगोलवाले आता घड्याळं शिकवणार म्हटल्यावर फिजिक्सच्या एका सरांनी मला त्यांचं बंद पडलेलं घड्याळ आणून दिलं, आणि बघा म्हणाले. पण अडायचं ते विषयावर नाही. विषय कुठलाही असो, पात्रतेच्या रकान्यात सर दर वेळी तेच लिहीत: काही नाही. बारावी नको, दहावी नको, वयाची अट नको.

आणि तिथे दुबे साहेब बसलेले असत. हे बाहेरचे तज्ज्ञ, इंदूरहून येत. त्यांची नजर तिटेवर अडकायची नाही. ते आधी पात्रता वाचत आणि ती वाचून झाल्याशिवाय कचोरीला हात लावत नसत. "पोतनीस जी, यह विश्वविद्यालय है, धर्मशाला नहीं. बारहवीं पास लिख दीजिए, अभी साइन करता हूँ." दोन शब्द लिहायचे आणि कोर्स खिशात. सर अदबीने उठत, "क्षमा करें, प्रस्ताव वापस लेता हूँ," म्हणत आणि फाईल काखेत मारून निघून जात. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, लिहून टाका ना बारावी. येणारे सगळे बारावी पासच असणार." सर म्हणाले, "परेशान नका होऊ, मॅडम. पुढच्या साली बघू." हट्टी माणसापुढे कोण काय बोलणार.

घरी सर आणि त्यांची थोरली बहीण, अक्का, अशी दोघंच. लग्न दोघांचंही झालं नाही. का, ते गावातल्या मराठी मंडळींनी विचारून विचारून सोडून दिलं होतं. आम्ही ज्यांना भीतभीत सर म्हणायचो त्यांना अक्का बाळू म्हणायच्या, आणि बाकीच्या जगाला पत्त्याने ओळखायच्या. मी दारात दिसले की म्हणत, "आली का नानाखेडा. बस. चाय घेशील का थंडं?" मग उलटतपासणी सुरू. विमानाला वर रस्ता कसा सापडतो? मोबाईलला कसं मालूम पडतं की आपण कुठे आहोत? मी काहीतरी ठोकून द्यायची. अक्का नीट ऐकून घेत आणि म्हणत, "तुला पण पक्कं मालूम नाही. बाळूला विचारते."

सर दुसऱ्या दिवशीचं लेक्चर आदल्या संध्याकाळी घरी मोठ्याने म्हणून बघत. नोकरीला लागल्यापासूनची रीत. ते बाहेरच्या खोलीत येरझारा घालत बोलायचे आणि अक्का स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत ऐकायच्या. सर कुठे अडखळले, की आतून आवाज यायचा, "पुढे?" एवढंच. सर लगेच मार्गी लागत. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारीला कंटाळा आलाय, आटप म्हणून सांगते आहे.

होता होता सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं. ह्या सभेत प्रस्ताव हुकला, तर पुढच्या वर्षीच्या सभेत मांडायला ते नसणार होते. यंदाचा विषय नकाशा वाचन, म्हणजे निदान भूगोलाचा तरी होता. तीट मात्र त्यांनी दणदणीत लावली होती. कोर्सचं नाव ठेवलं होतं 'अखिल ब्रह्मांड मानचित्र बोध'.

"सर, हे फार होतंय," मी म्हटलं.

"फारच पाहिजे," ते म्हणाले. "दुबे साहेब आहेत."

मंडळ त्या नावावर तुटून पडलं. एकाचं म्हणणं, ब्रह्मांड काढा पण अखिल राहू द्या. दुसऱ्याचं, ब्रह्मांडाशिवाय अखिलला अर्थ काय. दुबे साहेबही चर्चेत उतरले, आणि सरांनी माझ्याकडे बघून हलकेच भुवई उडवली. शेवटी 'मानचित्र पठन' हे नाव ठरलं. मी 'मंजूर' लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात दुबे साहेबांनी चष्मा चढवून पान उलटलं.

"न्यूनतम अर्हता, कोई नहीं," त्यांनी वाचलं.

सर उठले. फाईलवर हात ठेवला. पण ती त्यांच्याने उचलवेना.

दुबे साहेब म्हणाले, "एक बात बताइए, पोतनीस जी. बरसों से पूछना चाहता था. बिना पढ़ा-लिखा कौन आएगा आपके कोर्स में? किसी एक का नाम बताइए."

"मेरी बहन," सर म्हणाले.

मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. आई गेली तेव्हा सर अगदी लहान होते. घर कुणीतरी सांभाळायला हवं म्हणून अक्कांना शाळेतून काढलं. अक्कांनी पोळ्या लाटता लाटता धाकट्या भावाला बाराखडी शिकवली, त्याला शाळेत नेऊन सोडलं, आणि फाटकातून परत फिरल्या. त्या फाटकाच्या आत त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. सर हे सगळं नेहमीच्याच अदबीने बोलले. माझी मात्र वर बघायची हिंमत होईना.

दुबे साहेबांचा आवाज खाली आला. "तो घर पर पढ़ा दीजिए न उन्हें."

"घर पर तो उम्र भर पढ़ाया, साहब. मेरा हर लेक्चर उसने सुना है. कहती है, एक बार बेंच पर बैठना है. हाज़िरी बोलनी है."

दुबे साहेबांनी पेन काढलं, पुन्हा एकदा त्या रकान्याकडे पाहिलं. "ठीक है. आठवीं पास लिख देता हूँ. आठवीं तक मैं सँभाल लूँगा."

सर संकोचाने म्हणाले, "सातवीं, साहब. आठवीं की परीक्षा से पहले उठा लिया था."

दुबे साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "तो रहने दीजिए," ते म्हणाले. "जो लिखा है, वही रहने दीजिए." आणि समोरची गार झालेली कचोरी उचलली.

व्हरांड्यात आल्यावर सरांना काय करावं कळेना. रिकामे हात घेऊन सभेतून बाहेर पडायची त्यांना सवय नव्हती. "घड्याळ काय, पक्षी काय, माझं काही नव्हतं हो त्यात," ते म्हणाले. "दर साली विचारायचो, अक्का, कॉलेजात जायचं झालं तर काय शिकशील? ती सांगायची, मी पाच युनिटं पाडायचो."

"आणि यंदा काय म्हणाल्या?"

"म्हणाली, एवढी वर्षं राम घाटावर जाते. हे पाणी जातं कुठे, ते एकदा मला नकाशात दाखव."

मला रडू आलं होतं, आणि सरांना ते दिसू नये म्हणून मी कचोऱ्यांच्या बिलाचं काहीतरी कारण काढून तिथून निघाले.

विद्या परिषदेने अपेक्षेप्रमाणे न वाचताच शिक्का मारला. जुलैत वर्ग सुरू झाला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, बसस्टँडवरचा एक रिक्षावाला, गाईडचं काम करू पाहणाऱ्या दोघी मुली, आणि पहिल्या बाकावर अक्का. इस्त्रीची सुती साडी, नवं पेन, आणि चपला बाकाखाली नीट जोडून काढलेल्या, देवळाबाहेर काढतात तशा. मी काही काम नसताना मागे जाऊन बसले. अक्का वळून म्हणाल्या, "का गं नानाखेडा, तू पण नापास झालीस का?"

सरांनी हजेरीपट उघडला आणि पहिलं नाव घेतलं. "कुमारी कमल पोतनीस."

अक्का उभ्या राहिल्या. "हजर," असं इतक्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या की शेजारच्या वर्गातलं लेक्चर क्षणभर थांबलं. बाकीची नावं घ्यायला सरांना जरा वेळ लागला.

मग त्यांनी नकाशा लावला आणि उज्जैनवर बोट ठेवलं. "यह हमारी शिप्रा. राम घाट से आगे उत्तर की ओर जाती है, और चंबल में मिल जाती है." एवढं म्हणून ते थांबले. हे त्यांनी जन्मभर शिकवलं होतं, विसरण्यासारखं त्यात काही नव्हतं. बोट नकाशावर, पाठ आमच्याकडे, आणि शब्द काही फुटेना. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिल्या बाकावर अक्कांनी पेन खाली ठेवलं.

"पुढे?" त्या म्हणाल्या.

"पुढे यमुना," सर मराठीतच म्हणाले, आणि त्यांचं बोट नकाशावरून हळूहळू पुढे सरकायला लागलं.