फाइलीत शिरलेला पाणघोडा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. समीकरण टाइप करण्यात माझा हात धरेल असा माणूस अजून जन्माला यायचाय! टाइपरायटरच्या जमान्यात मी गणित विभागाची टायपिस्ट होते. घातांक हवा? रोलर अर्धी ओळ फिरवायचा, आकडा ठोकायचा, रोलर परत जागेवर. वर्गमूळ हवं? तेवढी जागा मोकळी सोडायची आणि मग काळ्या शाईने, श्वास रोखून, हाताने चिन्ह काढायचं. शिंक आली की पान गेलं! भलेभले प्राध्यापक प्रबंध मांडीवर घेऊन माझ्या टेबलापुढे बसत, ते थेट दात काढायला आल्यासारखे.

त्यातल्याच एकाशी मी लग्न केलं. त्यालाही कारण समीकरणच. मी प्रत्येक ओळ पानाच्या बरोबर मध्यावर टाइप करायची. ह्यांचं म्हणणं, बरोबरीची चिन्हं एकाखाली एक आली पाहिजेत. मी म्हटलं, "प्रबंध तुमचा असेल, पान माझं आहे!" त्यावरून जे भांडण सुरू झालं ते अजून चालू आहे. मध्ये फक्त आमचं लग्न झालं, मुलगा झाला, त्याचं लग्न झालं आणि आम्ही दोघं निवृत्त झालो.

सूनबाई गणितवालीच मिळाली. कॉलेजात शिकवते, पण कंत्राटावर. दर वर्षी नवा कागद, दर वर्षी धाकधूक. अखेर कायमची जागा निघाली! निवड समितीपुढे एक तास शिकवून दाखवायचा होता. ही संधी हुकली तर पुढची जागा निघेपर्यंत तिचे केस माझ्यासारखे पांढरे झाले असते.

आदल्या संध्याकाळी तिने मला लॅपटॉपवर सगळ्या स्लाइड दाखवल्या.

"आई, ही समीकरणं म्हणजे चित्रं नाहीत बरं का! खरीखुरी आहेत. दोनदा टिचकी मारली की उघडतात. आकडा चुकला तर तिथल्या तिथे बदलायचा!"

"शाई नाही? खाडाखोड नाही?"

"काही नाही!"

मला तर नाचावंसं वाटलं! वर्गमूळाचं छप्पर आतल्या आकड्यांप्रमाणे आपोआप लांब होत होतं. अहो, त्या छपराच्या रेघेपायी माझी मान कायमची वाकडी झालीय!

सूनबाईने मला आणि ह्यांना, दोघांनाही फाइलची लिंक पाठवली. "सावकाश नजर टाका," म्हणाली. वेगवेगळी पाठवावी लागली, कारण आमचा अबोला चालू होता. माझा जुना टाइपरायटर भंगारात द्यावा असं हे बोलून बसले होते. त्यामुळे हे बाहेरच्या खोलीत टॅब घेऊन आणि मी आतल्या खोलीत संगणकापुढे, अशी घराची फाळणी झाली होती.

सकाळी सूनबाई निघाली. "येते, आई."

"ये! आणि घाबरू नकोस, आम्ही आहोत ना!"

हे वाक्य लक्षात ठेवा.

ती गेली, चहा झाला, घर आवरलं, आणि मी ऐटीत फाइल उघडली. मनात म्हटलं, मूळ प्रत सूनबाईकडे, आपल्याकडे आलीय ती कार्बन कॉपी. कार्बनवर कितीही गिरगटलं तरी मूळ प्रतीला काय होतंय! तर या प्रतीवर मांडणी कशी असते ते करून ठेवावं आणि संध्याकाळी दाखवावं.

पहिलं समीकरण ओढून पानाच्या मध्यावर आणलं. काय देखणं दिसलं म्हणून सांगू! दुसरं आणलं. तिसऱ्याला हात घालते तर पहिलं आपोआप डावीकडे सरकलं!

मी चष्मा पुसला. समीकरण परत मध्यावर आणलं. ते परत डावीकडे गेलं. मांजराला खाली उतरवावं आणि त्याने पुन्हा मांडीवर चढावं, तसं! इतक्यात वरच्या कोपऱ्यात एक गोल चित्र दिसलं. खाली लिहिलं होतं, "अनामिक पाणघोडा".

घरफोडी! भरदिवसा! पण घाबरते कसली? स्लाइडवरच मोठ्या लाल अक्षरांत टाइप केलं, "कोण आहे तिकडे?"

खाली हिरव्या अक्षरांत उमटलं, "आधी तू कोण?"

"मी या घरची मोठी आहे! पाणघोड्या, चालता हो!"

"खारीएवढा जीव आणि जिभेला लगाम नाही! माझ्या सुनेच्या फाइलमध्ये पाय ठेवायचा नाही!"

पाहिलंत? चोर तो चोर, वर आमच्या सुनेवर हक्क सांगत होता! आणि मला खार म्हणाला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ठोकलं, "सून माझी आहे! आणि समीकरणं मध्यावरच राहतील!"

"कोणत्या अडाण्याने शिकवलं तुला टायपिंग?"

एवढं झाल्यावर कुठलं भान राहतंय! समीकरणावर दोनदा टिचकी मारली, तर आतून तिरक्या रेघा आणि महिरपी कंस बदाबदा बाहेर आले. शेवटी एक कंस उगाचच लोंबकळत होता. हे त्या पाणघोड्याचंच काम! मी तो खोडला.

आणि अख्खं समीकरण कोसळलं! छप्पर गेलं, घातांक खाली पडले, उरला तो नुसता तांबड्या अक्षरांचा ढिगारा.

मी किंचाळत बाहेर धावले. तिकडून हे टॅब छातीशी धरून आत धावत आले. मधल्या दारात आमची टक्कर झाली.

"अहो, फाइलमध्ये पाणघोडा शिरलाय!"

"पाणघोडा कसला? खार आहे, खार! वाट्टेल ते बोलतेय!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोघांनी ह्यांच्या टॅबकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात खारीचं गोल चित्र होतं, खाली "अनामिक खार"; फाइलनेच आम्हाला ही सोंगं दिली होती! तिथे लाल आणि हिरव्या अक्षरांच्या मधोमध आता निळी अक्षरं उमटत होती.

"आई, बाबा, हात काढा. मी याच फाइलवरून शिकवते आहे. समोर निवड समिती बसली आहे."

आम्ही खरंच हात वर केले हो! दरोड्यात सापडल्यासारखे दोघंही हात वर करून मधल्या दारात उभे! टॅब पायावर पडला तरी हे "आई गं" म्हणाले नाहीत.

"मला वाटलं, ही माझी वेगळी प्रत आहे," शेवटी हे पुटपुटले.

"मलाही! कार्बन कॉपी!"

"हो ना! कार्बन कॉपीच!"

अबोला सुटला, पण कसल्या मुहूर्तावर! दिवसभर आम्ही एका सोफ्यावर बसून होतो. पोरीची नोकरी आपण दोघांनी मिळून घालवली, हे एकमेकांना सांगायचीही गरज नव्हती. जेवण ताटातच राहिलं. ह्यांनी माझ्या टाइपरायटरवरची धूळ पुसली, तेवढाच काय तो आवाज.

संध्याकाळी सूनबाई आली. चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. बॅग ठेवली, पाणी प्यायली आणि एकदम फुटलं ते हसू!

"बाबा, 'खारीएवढा जीव' आलं तेव्हा समितीतल्या एक बाई खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या!"

"आणि अध्यक्ष?" मी चाचरत विचारलं.

"ते नाही हसले. म्हणाले, 'बाई, तुमचं समीकरण तर मोडलं. आता काय करणार?' मी म्हटलं, 'सर, वर्गात रोज काहीतरी मोडतंच. चला, कंस कुठे हरवलाय ते सगळे मिळून शोधू या.' आणि त्यांच्याकडूनच शोधून घेतला! कंस घातला, समीकरण उभं राहिलं. म्हटलं, चित्र असतं तर माझा तास तिथेच संपला असता."

"मग?" आम्ही दोघं एका सुरात.

"मग काय! झाली निवड!"

मी तिला जी मिठी मारली, ती सोडायलाच तयार नव्हते! ह्यांनी डोळे पुसले आणि धुळीला बोल लावला. घरात असा जल्लोष की शेजारीण विचारायला आली.

"समितीने एकच सूचना केली," सूनबाई सहज बोलून गेली. "बरोबरीची चिन्हं एकाखाली एक घ्या म्हणाले."

हे हळूच उठले, आरशापुढे गेले आणि केस नीट करू लागले.

तेव्हापासून हे पाणघोड्यासारखे पोट पुढे काढून घरभर फिरताहेत. सूनबाईच्या फायली आजही आम्हाला येतात. पण वर लिहिलेलं असतं, "फक्त पाहण्याची परवानगी". मी पाहते. ओळी सगळ्या डावीकडे, बरोबरीची चिन्हं एकाखाली एक.

बोटं शिवशिवतात हो! पण करता काय, खार आता पिंजऱ्यात आहे.