एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला

मी दुधराम, राईस मिलचा मॅनेजर, वजन अठ्ठ्याण्णव किलो. छातीठोक सांगतो, रोज पाऊण तास संथ चालणं म्हणजे वेळेचा सत्यानाश! एक मिनिट जीव खाऊन पळा, दोन मिनिटं चाला, पुन्हा पळा. वीस मिनिटांत काम तमाम!

माझा साळा शालिकराम मात्र चालण्यावर अडून बसला. तोही माझ्याच मापाचा. दोघांची शुगर एकाच महिन्यात निघाली. पण हा माणूस चालताना अखंड बोलतो हो! जावयाच्या बदलीपासून पोटातल्या गॅसपर्यंत काही सोडत नाही.

शेवटी माझ्या बायकोनं, देवकाबाईनं निकाल दिला. "भांडून कायले राहिले जी? तीन महिने आपापलं करा. ज्याची शुगर कमी निघन, त्याच्यासारखं दोघाईनं करा. अन् संगच करा!"

बाप्पा! हरलो तर रोज पहाटे पाऊण तास शालिकराम ऐकायचा! मी तीन महिने जीव तोडून पळलो.

तपासणीच्या दिवशी आठ वाजता उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. म्हटलं, जाता जाता एक फेरी मारू. स्टेशनच्या रस्त्यावर सुसाट सुटलो. मागून ओळखीच्या मंगरूचा ऑटो आला.

"काका, गाडी सुटून राहिली का?"

तोंडातून शब्द फुटेना! मी हातानंच "नाही, नाही" केलं. त्याला वाटलं, "लवकर, लवकर!" त्यानं मला आत कोंबलं आणि दोन मिनिटांत स्टेशन गाठलं.

"अरे, काका की गाडी छूट रही है!" मंगरू फलाटाकडे पाहून ओरडला.

दोन हमालांनी मला तांदळाच्या पोत्यासारखं उचलून डब्यात लोटलं. श्वास परत आला तेव्हा गोंदिया मागे पडलं होतं.

"किती धापा टाकून राहिले बिचारे!" म्हणत एका बाईनं लाडू पुढे केला. केवढा तो लाडू! पण रक्त द्यायचं होतं. डोळे मिटून हात जोडले. डोंगरगडला उतरलो, परतीची गाडी धरली आणि दुपारी एक वाजता रिकाम्या पोटी लॅबमध्ये हजर!

संध्याकाळी रिपोर्ट आले. शालिकराम एकशे अठरा. मी एकशे सहा! जिंकलो! भर अंगणात नाचलो.

शालिकरामही खूश. "वा भाऊजी! मंग उद्यापासून मीबी तुमच्यासंग पळतो. पाच वाजता आवाज देतो!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! देवकाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

आता आम्ही दोघं रोज पळतो. पळताना शालिकरामला दम लागतो, म्हणून तो गप्प असतो. चालायची दोन मिनिटं आली की तोंड सुरू!

सांगायला लाज वाटते, पण ती दोन मिनिटं मी काढूनच टाकली आहेत.