जत तालुक्यातील सागरी जीवांची हानी

निसर्गाचा कोप कितीही मोठा असो, तो विहित नमुन्यात बसवता आला की निम्मा आटोक्यात येतो. (उरलेला निम्मा पुढच्या आर्थिक वर्षात.)

नव्वदच्या दशकात एका मे महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं. त्याचं शेपूट आमच्या जत तालुक्यापर्यंत आलं आणि शेपटामागोमाग परिपत्रक आलं: ‘चक्रीवादळाचा किनारी सागरी जीवसृष्टीवरील परिणाम, गावनिहाय अभ्यास.’ समुद्र आमच्यापासून दोनशे किलोमीटर. पण वादळानं भेदभाव केला नाही, तर सरकारनं का करावा? खाली टीप होती: निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही.

मी तिथला ग्रामसेवक. निरंक लिहायचं नाही म्हटल्यावर मेलेलं काहीतरी शोधणं आलं. सुदैवानं गावातली हरणाबाई ग्रामपंचायतीच्या पायरीवरच बसली होती. ओढ्याच्या लोंढ्यात तिच्या बारापैकी अकरा मेंढ्या वाहून गेल्या होत्या. राहिली ती लंगडी. सरकारकडून दुसरी मेंढरं मिळाली नाहीत तर दिवाळीनंतर म्हातारीला या वयात ऊसतोडीला जावं लागणार होतं, आणि मेंढ्यांसाठी कुठल्याच नमुन्यात रकाना नव्हता. खरं सांगतो, मला तिची लय कीव आली. म्हणूनच तिला नियमात बसवली.

जलचराचे नाव: मेंढी (स्थानिक). मृत्यूसमयी पाण्यात होते काय: होय. पोहत होते काय: नाही, म्हणूनच मृत्यू. किनाऱ्यापासून अंतर: चार फूट (ओढ्याच्या).

“आवं भाऊसाहेब, मेंढरं हायत ती, मासं न्हवं!”

“मावशी, मासा कुठला ते वरचे ठरवतील. तुम्ही अंगठा उठवा.”

पंधरा दिवसांनी वरून उत्कर्षा मॅडम आल्या. सागरी जीवशास्त्रात डॉक्टर. लंगड्या मेंढीभोवती तीन फेऱ्या मारून हळूच म्हणाल्या, “ही मेंढी आहे हो.”

“मॅडम, मेंढी ठरली तर गाव निरंक. मग तुमचा दौराही निरंक.”

बाई हुशार. वहीत लिहिलं: ‘अंगावर दाट लोकर. थंड सागरी प्रवाहांशी जुळवून घेतल्याचा भक्कम पुरावा.’ मेंढीनं तेवढ्यात त्यांची ओढणी खाल्ली (आहार: वनस्पतिजन्य).

अभ्यास गाजला. सागरी जीवांची घट जतमध्ये ब्याण्णव टक्के, कोकणातल्या कुठल्याही तालुक्याहून जास्त. टँकर सोडून दुसऱ्या कशात आमचा पहिला नंबर येईल, असं कुणाच्या बापाला वाटलं नव्हतं. मदतही तातडीनं आली. हरणाबाईला नायलॉनचं जाळं एक, तरंगायचं जाकीट एक आणि खवळलेल्या समुद्रात न जाण्याचा सल्ला (तोंडी).

म्हातारीनं जाळं उलटंसुलटं करून पाहिलं. “ह्यात मेंढरं घावत्याल व्हय?”

ही हकिगत मी लग्नाच्या मांडवात, एसटीत, निरोप समारंभात शेकड्यांनी लोकांना सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात. मग विचारतात, मॅडमना बढती मिळाली का? जाकिटाचा रंग कोणता होता? म्हातारी दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली का, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.

तुम्ही तरी विचाराल म्हणून इथं जरा थांबलो होतो. असू द्या.

गेली.